पिवळा शंख

भ्रम म्हणजे काय हें समजाविण्यासाठीं आपल्या शास्त्रकारांनीं ‘पीतः शंखः’ असें एक उदाहरण योजिलें आहे. शंख पांढराच असतो. परंतु कामला झालेल्या मनुष्यास तो पिवळा दिसतो, अशी त्यांतील कल्पना. वस्तूंत कांहीं बदल नसून दोष पाहणाऱ्याच्या दृष्टींत आहे, हें त्याचें तात्पर्य. मीं छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि हें उदाहरण किती वेळां सांगितलें असेल याची गणती नाहीं. सांगतांना मनांत एक गोष्ट गृहीत असे, कीं दोष असेल तो त्या उदाहरणांतल्या रोग्याचा; मास्तरांचे डोळे निर्दोषच आहेत. आमच्या घरीं दिव्यांच्या रंगावरून जें घडलें त्यानें हा समज पार मोडला. ती हकीकत वाचकांस सांगावी असें वाटतें; कारण तसे दिवे आतां घरोघर आहेत, आणि माझ्यासारखी चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होणें अगदीं सहज आहे.

आमचें घर लोणी काळभोर येथें आहे. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघून हडपसर मागें टाकलें कीं थोड्या वेळानें आमचें गांव लागतें. थेऊरचा चिंतामणि तेथून जवळ. गांवाभोंवतीं आतां तेलकंपन्यांचीं कोठारें, विद्यापीठ आणि उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. आमचें घर मात्र जुनें, दुमजली आणि जाड भिंतींचें आहे तसेंच राहिलें आहे. घरांत माणसें अकरा. थोरले बंधु, ज्यांना सर्व गांव दादा म्हणतें, आणि वहिनी, आम्ही उभयतां, दादांचा मुलगा व सून, माझा मुलगा व सून, आणि तीन नातवंडें. सर्वांचें जेवण एका स्वयंपाकघरांत होतें.

माझ्या लहानपणीं दिव्याच्या रंगाचा प्रश्न कोणाच्या स्वप्नांतही नव्हता. देवापुढें समई, माजघरांत कंदील, आणि पुढें वीज आल्यावर त्याच जागीं चाळीस वॅटचा एक गोळा. तेलाची वात, रॉकेलची ज्योत आणि तापलेली तार या तिहींचा उजेड पिवळाच. निवड करण्याजोगें दुसरें कांहीं नव्हतेंच. मग ट्यूबचा पांढरा उजेड आला, तो ऐपतीचें लक्षण म्हणून प्रथम बाहेरच्या खोलींत लागला. त्यानंतर आले हे एलईडीचे दिवे. त्यांचा प्रसार व्हावा म्हणून केंद्र सरकारनें ‘उजाला’ ही योजना ५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू केली. पुढच्या वर्षीं माझ्या मुलानें सवलतीच्या दरांत मिळणारे दिवे आणून ओसरीपासून माडीपर्यंत सर्वत्र बसविले. सगळे पांढरे शुभ्र. साठ वॅटच्या गोळ्याचें काम नऊ वॅटांत होऊं लागलें, विजेचें बिल उतरलें, आणि कांहीं दिवस आम्ही सर्व त्याचें कौतुक करीत होतों.

कुरबुरीस आरंभ झाला तो वहिनींपासून. त्या म्हणत, “देवापुढें बसलं कीं कचेरींत बसल्यासारखं वाटतं. समईची ज्योत दिसतच नाहीं.” दादांची तक्रार निराळी. रात्रीं नवाच्या सुमारास डोळे मिटणारा हा मनुष्य एक-दोन वाजेपर्यंत कूस बदलीत पडूं लागला. जेवण झाल्यावर त्यांची बैठक माजघरांत, बरोबर त्या नव्या दिव्याखालीं. तेथें ते दहापर्यंत वाचीत बसत. वय झालें म्हणून झोप कमी झाली, असें आम्ही म्हणत राहिलों. अशीं वर्षें गेलीं.

दोन वर्षांपूर्वीं एके दिवशीं माझ्या मुलानें दिव्याचें खोकें माझ्यापुढें ठेविलें. त्यावर ‘६५०० के’ असा आंकडा होता. तो म्हणाला, “अण्णा, हा दिव्याच्या रंगाचा आंकडा आहे. दिवे बदलायचे तर हा पाहून बदलूं.”

हा ‘के’ म्हणजे केल्व्हिन. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील काळांतले लॉर्ड केल्व्हिन, यांनीं १८४८ सालीं निरपेक्ष तापमानाचें माप मांडलें. त्यांचें नांव त्यास मिळालें आहे. आतां उजेडाच्या रंगाशीं तापमानाचा संबंध काय? लोहाराच्या भट्टीपुढें जो उभा राहिला आहे त्यास हें सांगावयास नको. लोखंड तापूं लागलें कीं प्रथम काळपट तांबडें, मग नारिंगी, मग पिवळें, आणि फारच तापलें म्हणजे पांढरें दिसतें. तेव्हां एखाद्या उजेडाचा रंग ‘अमुक तापमानास तापलेल्या पदार्थासारखा’ असा सांगतां येतो. यास वर्णतापमान म्हणूं. समईच्या ज्योतीचें तें सुमारें १९००, तारेच्या जुन्या गोळ्याचें २७००, भर दुपारच्या उन्हाचें सुमारें ५५००, आणि ढगाळलेल्या आकाशाचें ६५०० च्या आसपास. एलईडीचा दिवा स्वतः कांहीं इतका तापत नाहीं. त्यांत निळा प्रकाश देणारा बारीक स्फटिक असतो, आणि त्यावर त्यांतील कांहीं प्रकाशाचें पिवळ्यांत रूपांतर करणारा लेप असतो; दोहोंच्या मिश्रणानें पांढरा उजेड तयार होतो. लेप बदलला कीं हवा तो रंग साधतो. हा निळा प्रकाश साध्य करणें फार कठीण गेलें. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

यांत मला एक मौज वाटली. बाजारांत ज्या उजेडास ‘उबदार’ म्हणतात त्याचा आंकडा लहान, आणि ज्यास ‘थंड’ म्हणतात त्याचा मोठा! अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत तेजाचा स्पर्श उष्ण आणि रूप भास्वर शुक्ल सांगितलें आहे. लोहाराचा अनुभव त्याच बाजूचा: अधिक तापेल तें अधिक शुभ्र. मग उबदार आणि थंड ही भाषा आली कोठून? ती शरीराची नसून मनाची आहे. चुलींतला विस्तव तांबडा-पिवळा, म्हणून तो रंग उबेचा. पाणी आणि आकाश निळसर, म्हणून तो रंग गारव्याचा.

मुलानें दादांच्या झोपेचाही उलगडा केला. डोळ्यांत पाहण्याच्या पेशींखेरीज, दिवस आहे कीं रात्र एवढेंच शरीरास कळविणाऱ्या निराळ्या पेशी असतात, असें २००२ च्या सुमारास सिद्ध झालें. निळसर प्रकाशानें त्या विशेष जागृत होतात. रात्रीं असा प्रखर प्रकाश डोळ्यांवर पडत राहिला, तर झोपेची वेळ झाल्याचें शरीरास कळविणारें मेलॅटोनिन नांवाचें द्रव्य उशिरां आणि कमी स्रवतें. म्हणजे आमचे दादा रोज रात्रीं ढगाळ दुपारच्या रंगाच्या उजेडांत बसून झोपेची वाट पाहत होते.

एवढें कळल्यावर माझ्यांतील मास्तर जागा झाला. आपल्या पूर्वजांनीं जो पिवळा उजेड हजारों वर्षें वापरला तोच योग्य, असा सिद्धान्त मीं करून टाकला, आणि सर्व घरांत २७०० चेच दिवे लावावे असें फर्माविलें. मुलगा म्हणाला, “सगळीकडे कशाला? जागा पाहून ठरवूं.” मीं ऐकलें नाहीं. अर्धें ज्ञान झालें कीं मनुष्य प्रश्न विचारावयाचें थांबतो. विद्यार्थ्यांच्या बाबतींत मीं हें पुष्कळ पाहिलें होतें.

दिवे बदलले. देवघर पुन्हां देवघरासारखें दिसूं लागलें. दादांची झोप महिन्याभरांत बरीच सुधारली. त्याच सुमारास त्यांनीं रात्रींचा चहा सोडला होता, तेव्हां सर्व श्रेय दिव्यास देतां येणार नाहीं, पण मीं तें निःशंकपणें घेतलें. सूनबाई एकदां म्हणाल्या, “मामंजी, स्वयंपाकघरांत तेवढा पांढरा दिवा असूं द्या. तांदळांतला खडा दिसत नाहीं, कीं भाजी शिळी आहे का ताजी तें कळत नाहीं.” मीं म्हणालों, आमच्या आईनें चिमणीच्या उजेडांत पंगती उठविल्या. थोरली नात त्या वर्षीं दहावीला होती. संध्याकाळीं पुस्तक घेऊन बसली कीं पेंगूं लागे. तिला सांगितलें, आम्ही कंदिलावर अभ्यास करून मॅट्रिक झालों. सूनबाईंनीं एक शेवटचा प्रश्न विचारला: “मग लक्ष्मी रस्त्यावर साडी घेतांना आपण ती दुकानाच्या दाराशीं उन्हांत नेऊन कां पाहतों?” बायकांची हौस, म्हणून मीं तो हंसण्यावारीं नेला. त्या प्रश्नाचें उत्तर मला पुढें द्यावें लागलें.

गेल्या मार्गशीर्षांत माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशीं दोघी घरीं आल्या. निघतांना डॉक्टरांनीं बजावलें होतें, कीं मुलाच्या रंगावर लक्ष ठेवा, पिवळेपणा वाटला तर लगेच आणा. आम्हीं जुन्या रीतीप्रमाणें बाळंतिणीस माजघरामागची खोली दिली. खोलीस एकच लहान खिडकी. वारा लागूं नये म्हणून तिजवर जाड पडदा. आंत दिवसरात्र माझा तो २७०० चा दिवा. पांचव्या दिवशीं पांचवीची पूजा झाली. सर्वांनीं मूल पाहिलें. मीही पाहिलें, रंग पाहण्याच्या हेतूनेंच पाहिलें, आणि म्हणालों, “तप्तकांचनासारखी कांति आहे.” आज तें वाक्य आठवलें कीं अंगावर कांटा येतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं न्हाऊ घालणाऱ्या बाई आल्या. गांवांतल्या कितीएक मुलांना त्यांच्या हातचें पहिलें न्हाण मिळालें आहे. त्यांनीं मुलीला अंगणाच्या कडेला, उजेडांत आणली, आणि क्षणभर थांबून हांक मारली, “मास्तर, हिकडं या. लेकराचा रंग बघा. नाकाचा शेंडा दाबला कीं पिवळा उमटतोय. आंत कळत नव्हतं.” मीं पाहिलें. मूल हळदीसारखें पिवळें होतें. तोंड तर होतेंच, पण पोटापर्यंत पिवळेपणा उतरला होता. रात्रीपासून तें दूधही नीट पीत नव्हतें, तें शांत झोपतें म्हणून आम्ही समाधान मानीत होतों.

तासाभरांत आम्ही दवाखान्यांत होतों. रक्त तपासलें, बिलिरुबिन फार चढलें होतें. डॉक्टरांनीं रागें न भरतां समजावून सांगितलें. नवजात मुलांत थोडी कावीळ पुष्कळदां होते व आपोआप उतरते; परंतु ती एका मर्यादेपलीकडे गेली तर तें पिवळें द्रव्य मेंदूपर्यंत पोंचतें, आणि मूल जन्माचें बहिरें किंवा अपंग होऊं शकतें. आणखी एक-दोन दिवस खोलींत गेले असते तर काय झालें असतें, हें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि मीं विचारलें नाहीं.

नातीचे डोळे पट्टीनें झांकून तिला दिव्याखालीं ठेविली. तो दिवा निळा होता. बिलिरुबिन तो प्रकाश शोषून घेतें व त्याचें रूप असें बदलतें, कीं तें शरीराबाहेर टाकतां येतें. या उपचाराचा इतिहास मागाहून वाचला. इंग्लंडांत एसेक्स परगण्यांत रॉचफर्ड येथील रुग्णालयांत सिस्टर वॉर्ड नांवाची एक परिचारिका होती. उन्हांत ठेविलेल्या मुलांची कावीळ कमी होते, असें तिच्या ध्यानांत आलें. त्यावरून तेथल्या डॉक्टरांनीं प्रयोग करून १९५८ सालीं ते प्रसिद्ध केले. शास्त्राच्या आधीं एका परिचारिकेनें तें पाहिलें होतें, आणि आमच्या अंगणांत न्हाऊ घालणाऱ्या बाईंनीं. मी दोन रात्री कांचेपलीकडे उभा राहून त्या निळ्या उजेडाकडे पाहत होतों. ज्या निळ्या रंगास मीं घराबाहेर काढलें होतें, तो माझ्या नातीस वांचवीत होता. आमच्या सौ. शेजारीं उभ्या होत्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहींत.

व्याह्यांच्या घरीं कळविणें प्राप्तच होतें. फोन मीं स्वतः केला, आणि विहीणबाईंस खरें तें सांगितलें, कीं चूक आमच्या घराची नव्हे, माझी. त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याही बाळंतिणीच्या खोलींत तसाच दिवा आहे. आजच बदलतों.” त्यांचें हें औदार्य मी विसरणार नाहीं.

पिवळ्या दिव्यांत पिवळें मूल पिवळें कां दिसलें नाहीं? कारण डोळा उजेडास संवकतो. पिवळ्या दिव्याखालीं थोडा वेळ बसलें कीं पांढरें धोतर आपणांस पांढरेंच वाटतें. दिव्याचा पिवळेपणा मन वजा करून टाकतें. परंतु त्या वजाबाकींत मुलाच्या कातडीचा खरा पिवळेपणाही जातो. शास्त्रकारांच्या उदाहरणांत पांढरा शंख पिवळा दिसला. माझ्या बाबतींत पिवळा शंख पांढरा दिसला. आणि गंमत अशी, कीं चाक्षुष प्रत्यक्षाला इंद्रिय व वस्तु यांच्याबरोबर आलोक, म्हणजे उजेड, हेंही कारण लागतें, असें नैयायिकांनीं स्पष्ट सांगितलें आहे. मीं तेंही शिकविलें होतें. वस्तु खरी, डोळे ठीक, आणि मधला उजेड फसवा असला तरीही भ्रम होतो, एवढें मात्र कधीं मनांत आलें नव्हतें.

सहा दिवसांनीं बारसें झालें. त्यानंतरच्या रविवारीं आम्ही सर्व ओसरीवर बसलों, आणि या खेपेस मीं फर्माविलें नाहीं; प्रत्येकास विचारलें. दान जसें देश, काल आणि पात्र पाहून द्यावयाचें, तसाच उजेडही जागा, वेळ आणि माणूस पाहून द्यावा, असें ठरलें. देवघरांत समई, आणि तिला झांकून न टाकणारा २७०० चा लहान दिवा. निजण्याच्या खोल्यांतही २७००. माजघरांत व ओसरीवर ३०००, कारण बाहेरच्या बाजूस पिवळसर दिव्याकडे किडे कमी येतात. स्वयंपाकघरांत ओट्यावर ४०००. नातीच्या टेबलावरही ४००० चा, पण रात्रीं नवानंतर तो मालवावयाचा. जिना आणि न्हाणीघर येथें रात्रीं उठणाऱ्यासाठीं जमिनीलगत मंद पिवळा दिवा, म्हणजे पायरी दिसते आणि झोपही मोडत नाहीं.

दोन गोष्टी नव्यानें कळल्या, त्या गृहिणींच्या उपयोगी पडतील. रंग पारखावयाचा असेल तेथें केवळ पांढरा दिवा पुरत नाहीं. खोक्यावर ‘सीआरआय’ नांवाचा आणखी एक आंकडा असतो. वस्तूंचे रंग त्या दिव्यांत कितपत खरे दिसतात तें तो सांगतो. शंभर हें पूर्ण प्रमाण. साधे दिवे ८० च्या आसपास असतात. स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली यांस ९० किंवा अधिक असलेला घ्यावा. दुसरी गोष्ट वृद्धांविषयीं. साठीच्या मनुष्याच्या डोळ्यांत आंतल्या पडद्यापर्यंत तरुणाच्या मानानें सुमारें एक-तृतीयांशच प्रकाश पोंचतो, असें मानतात. तेव्हां वर्तमानपत्र दिसत नाहीं म्हणणाऱ्या वडिलांस अधिक पांढरा दिवा देऊं नये. अधिक उजेड द्यावा. दादांच्या खुर्चीमागें आम्हीं ३००० चाच पण दुप्पट उजेडाचा दिवा लावला आहे. त्यांचें वाचनही होतें आणि झोपही.

बाळंतिणीच्या खोलीचा पडदा दिवसा बाजूला असतो. नवें मूल घरीं आलें म्हणजे त्यास रोज एकदां खिडकीशीं, दिवसाच्या उजेडांत पाहावें. आणि पिवळेपणाची शंका आली तर घरच्या घरीं ऊन दाखवीत न बसतां डॉक्टरांकडे न्यावें, कारण रंगावरून नुसती शंका घेतां येते, मोजमाप रक्ताच्या तपासणीनेंच होतें. एवढी विनंति प्रत्येक घरच्या वडील माणसांस करावी, म्हणूनच हा लेख लिहिला.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. बारशाच्या आदल्या दिवशीं न्हाऊ घालणाऱ्या बाईंसाठीं लुगडें घ्यावयास आम्ही पुण्यास गेलों होतों. हिरवें एक पसंत पडलें. सूनबाईंनीं तें उचललें आणि दुकानाच्या दाराशीं उन्हांत नेलें. मीही उठून त्यांच्यामागें दाराशीं गेलों.